नुसती कातडी बदलून प्राणी होत नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात ऑनलाइन गेमबद्दल काही छापून आलं की ते बहुतेक वेळा व्यसनाबद्दल असतं, नाहीतर कुठल्या कंपनीने किती कमावलं त्याबद्दल. दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत, त्यावर लिहूच नये असं माझं म्हणणं नाही. पण गेमच्या आत काय असायला हवं, तो कसा बनायला हवा, याबद्दल कोणी बोलतच नाही. नाटक-सिनेमाबद्दल आपण तासन्‌तास बोलतो, आणि ज्या गोष्टीत लाखो लोक रोज रमतात तिच्याबद्दल मात्र एवढंच की किती वेळ खेळावं. म्हणून जरा मोठं पत्र लिहितेय, जागा मिळाली तर सगळं छापा.

माझ्या डोक्यात बरेच दिवस एक गेम घोळतोय. ऑनलाइन रोलप्लेइंग गेम (म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचा), ज्यात प्रत्येक जण स्वतःचा म्युटंट, म्हणजे मूळ शरीरात बदल झालेला, प्राणी घडवतो, म्हणजे मुंगसाला वटवाघळाचे कान, कासवाला ऑक्टोपसची कातडी, असलं काहीही, आणि मग तो प्राणी घेऊन एका मोठ्या सामायिक जगात हजारो इतर खेळाडूंच्या प्राण्यांबरोबर जगायचं. कल्पना नवीन नाही हे मला माहितीये. १९७८ मध्ये टेबलावर खेळायचा गॅमा वर्ल्ड आला त्यातच म्युटंट प्राणी होऊन खेळता यायचं. १९८५ मध्ये पॅलेडियम कंपनीने निन्जा कासवांच्या कॉमिकवरून गेम काढला, त्यात तर प्राणी घडवायला पॉइंट मिळायचे आणि ते मोजून खर्च करायचे, माणसासारखे हात हवेत तर इतके, दोन पायांवर उभं राहायचं तर इतके, बोलता यायला हवं तर आणखी. कंप्युटरवर बघाल तर फरीमक नावाचं नुसत्या टेक्स्टवर चालणारं जग १९९० पासून आहे, तिथे लोक प्राणी होऊन एकमेकांशी बोलतात. आणि २००८ मधला स्पोर नावाचा कंप्युटर गेम, ज्यात तुम्ही तीन पाय लावा की सात, तो प्राणी आपोआप चालायला लागायचा. तेव्हा ते बघून मी थक्क झाले होते, अजूनही मला ती कमालच वाटते.

पण इथेच माझा मुद्दा आहे. स्पोरमध्ये पाय कुठे लावले, कसे लावले याने दिसण्यात फरक पडायचा, वेग मात्र कुठल्या लेव्हलचा पाय लावलाय त्यावर ठरायचा. बाकीच्या बहुतेक गेममध्ये तर त्याहून वाईट आहे. लांडगा घ्या, अस्वल घ्या, मांजर घ्या, स्क्रीनवर जग तेच दिसतं, तेच रंग, तोच नकाशा, तोच कॅमेरा खांद्यामागे, आणि प्राणी म्हणजे काय तर वरून चढवलेली स्किन आणि ताकद अधिक पाच. याला मी प्राणी होणं म्हणणार नाही. प्राण्याचं शरीर बदललं तर त्याला जग वेगळं कळायला पाहिजे, आणि ते खेळणाऱ्याला हातात कंट्रोल घेतल्यावर पहिल्या मिनिटात जाणवायला पाहिजे.

वटवाघूळच घ्या. किडे खाणारं छोटं वटवाघूळ तुम्ही निवडलंय, रात्र आहे, स्क्रीन जवळजवळ काळी आहे. (वटवाघळं आंधळी नसतात, आणि फळं खाणारी मोठी वटवाघळं तर मुख्यतः डोळ्यांवरच चालतात, तेव्हा कुठलं वटवाघूळ हे निवडण्यापासूनच फरक पडायला हवा.) तुम्ही बटण दाबता, एक हाक सुटते, आणि क्षणभर समोरच्या झाडांच्या कडा, भिंत, हवेतला एखादा ठिपका उजळतो आणि विझतो. परत दाबा, ठिपका सरकलेला असतो. खरं वटवाघूळ नुसतं शोधत फिरताना सेकंदाला दहाएक हाका देतं आणि भक्ष्याच्या अगदी जवळ गेलं की त्या दोनशेच्या घरात जातात, म्हणजे गेममध्येही जसजसे जवळ जाल तसं चित्र लुकलुकायचं थांबून सलग व्हायला लागेल, आणि तेवढ्यात ते फाटतं, सगळ्या स्क्रीनवर ठिणग्याच ठिणग्या, कारण समोरचा पतंग हासुद्धा खेळाडू आहे आणि त्याने तुमचा सोनार, म्हणजे हाकेच्या प्रतिध्वनीवरून अंदाज घ्यायची सोय, जॅम केलाय. हे मी मनाने रचलेलं नाही. टायगर मॉथ गटातल्या एका जातीचे पतंग स्वतः टकटक आवाज काढून वटवाघळाचा अंदाज खरोखर चुकवतात, २००९ मध्ये संशोधकांनी ते प्रयोगात दाखवलं. निसर्गात एवढं तयार लिहून ठेवलेलं असताना गेमवाल्यांना तलवारी आणि आगीचे गोळेच का सुचतात हे मला खरंच कळत नाही.

आणि जाता जाता आणखी एक, हा वटवाघळाचा भाग नीट केला तर तो स्क्रीनशिवायही खेळता येईल. प्रतिध्वनी हेडफोनमध्ये डावीकडून उजवीकडून, जवळून लांबून असा द्यायचा. काही अंध माणसं जिभेने टकटक करून आजूबाजूचा अंदाज घेतात हे माहितीच असेल. त्यांच्यासाठी बहुतेक ऑनलाइन जगं आज बंद आहेत, आणि इथे कोणी दया म्हणून वेगळा मोड काढून द्यायची गरज नाही, गेममधली एक अख्खी जातच अशी असेल की जिच्यात न बघता खेळणारा कोणाहूनही कमी पडणार नाही. मला या सगळ्या कल्पनेतला हा भाग सगळ्यात जास्त जवळचा वाटतो.

नाकवाल्या प्राण्यांचं वेगळं. आपण जे बघतो ते आत्ताचं असतं, वास मात्र मागचं पण सांगतो. कुत्र्याला माणसाच्या थोड्याशाच पावलांच्या वासावरून तो कुठल्या दिशेने गेला ते ओळखता येतं, कारण नंतरचं पाऊल किंचित ताजं असतं. म्हणजे कोल्हा किंवा कुत्रा घेऊन खेळणाऱ्याला जमिनीवर पट्टे दिसले पाहिजेत, ताजे गडद आणि जुने फिके, पाऊस आला की पुसलेले, वारा उलटा असला की काहीच नाही. एका रिकाम्या मैदानात तो उभा राहील आणि त्याला कळेल की इथून सकाळी तिघं गेले, एकजण जखमी होता. शेजारी उभ्या गरुडवाल्या खेळाडूला फक्त गवत दिसतंय. आता या दोघांना एकमेकांशी बोलावंच लागेल की नाही!

ऑक्टोपस तर काय सांगू. त्याचे साधारण पन्नास कोटी न्यूरॉन, म्हणजे मेंदूत असतात तशा चेतापेशी, असतात आणि त्यातले दोन तृतीयांश हातांमध्ये, म्हणजे हात बऱ्यापैकी स्वतःच्याच मनाने फिरतात. तेव्हा ऑक्टोपसचे हात घेणाऱ्याने प्रत्येक हात स्वतः चालवायचाच नाही, नुसतं सांगायचं की तिकडे काहीतरी शोध, आणि हात काय आणतो ते बघायचं. त्याहून भारी गोष्ट म्हणजे तो आजूबाजूच्या रंगात मिसळून जातो पण त्याच्या डोळ्यात प्रकाश ओळखणाऱ्या पेशी एकाच प्रकारच्या असतात, त्यामुळे तो रंगांधळा मानला जातो. म्हणजे खेळणाऱ्याची स्क्रीन काळी-पांढरी, आणि त्याच्या अंगावर जे रंग उमटतायत ते बाकी सगळ्यांना दिसतायत, फक्त त्याला नाही. आपण नीट लपलोय का हे त्याला मित्राला विचारावं लागणार.

आता प्राणी घडवायच्या स्क्रीनबद्दल. बहुतेक गेममध्ये तिथे स्लायडर, म्हणजे ओढून कमी-जास्त करायच्या पट्ट्या, असतात, नाक लांब, कान मोठे, उंची जास्त, आणि एक ओढल्याने दुसरं हलत नाही. खऱ्या शरीरात असं नसतं. साधं आकारमान घ्या, गॅलिलिओने १६३८ मध्ये लिहून ठेवलंय की प्राणी सगळ्या बाजूंनी दुप्पट केला तर वजन आठपट होतं पण हाडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, म्हणजे ज्यावर ते वजन पेलायचं ते, चारपटच होतं. तर उंदराला हत्तीएवढं करायचं असेल तर खुशाल करा, पण स्लायडर ओढता ओढता त्याचे पाय खांबासारखे होत गेलेले तुम्हाला दिसले पाहिजेत आणि उडी मारायचं बटण हळूहळू फिकं होत गेलं पाहिजे. मुंगीला म्हशीएवढं करणाऱ्याला तर श्वास घेताना पण अडचण यावी, कारण किडे आपल्यासारखे फुप्फुसाने श्वास घेत नाहीत, अंगातल्या बारीक नळ्यांमधून हवा आत जाते आणि शरीर वाढलं की ती आतपर्यंत पोचत नाही. मग त्याला जगात अशी एखादी दलदल शोधावी लागेल जिथे हवेत ऑक्सिजन जास्त आहे. तीसेक कोटी वर्षांपूर्वी सत्तर सेंटिमीटरच्या आसपास पंखपसारा असलेले चतुरासारखे कीटक होतेच, आणि तेव्हाचा जास्त ऑक्सिजन हे त्याचं एक कारण मानलं जातं. बघा, एका साध्या नियमातून जगाचा नकाशा तयार व्हायला लागला, कुठला प्राणी कुठे राहील हे कोणी पाटी लावून सांगायची गरज उरली नाही.

तसंच एकाबरोबर दुसरं येतं त्याचं. पांढऱ्याशुभ्र, निळ्या डोळ्यांच्या मांजरांमध्ये बहिरेपणाचं प्रमाण बरंच जास्त असतं. मेक्सिकोतल्या गुहांमध्ये एक मासा आहे, अंधारात राहून राहून पिढ्यांमागून पिढ्या त्याचे डोळे गेले, पण त्याच बदलाबरोबर तोंडाभोवतीच्या चवीच्या कळ्या वाढल्या. म्हणजे तुम्ही डोळे काढून टाकले तर गेमने तुम्हाला नुसते पॉइंट परत देऊ नयेत, चवीचं एक नवीन जग द्यावं, ज्याबद्दल आधी काही सांगितलेलं नसेल. आणि एखाद्याने देखणेपणासाठी पांढरा रंग आणि निळे डोळे घेतले तर त्याच्या हेडफोनमधला आवाज अर्धा व्हावा, कधी पूर्ण जावा. अन्याय वाटेल काहींना, मला नाही वाटत, उलट त्यामुळेच तो प्राणी लक्षात राहील.

दुसऱ्या प्राण्याचा अवयव उचलून लावायचा तर तिथेही निसर्गाची एक सुंदर गोष्ट आहे. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीच्या एका जीनला भलत्याच जागी चालू केलं तर तिच्या पायांवर, पंखांवर डोळे उगवले. त्यांनी तोच जीन उंदराचा घेऊन माशीत चालवला, तरी डोळा उगवला, आणि तो उंदराचा नव्हता, माशीचाच होता. हा नियम गेममध्ये जसाच्या तसा घ्यावा असं मला फार वाटतं. गरुडाकडून नजर घेतलीत तर तुमच्या बेडकाला गरुडाचा डोळा चिकटणार नाही, बेडूक स्वतःच्या शरीरातून जेवढी चांगली नजर बनवू शकतो तेवढी मिळेल. म्हणजे तोच जीन घेतलेले वीस खेळाडू वीस वेगळ्या गोष्टी घेऊन बाहेर पडतील, आणि नेटवर बघून सगळ्यांनी एकच सर्वात भारी बिल्ड, म्हणजे गुणांची तयार जुळणी, कॉपी करायची ही जी ऑनलाइन गेमची जुनी कटकट आहे ती निदान कमी होईल.

काहीजण म्हणतील की असले अर्धवट, लंगडे, बहिरे प्राणी घेऊन कोण खेळेल. मी म्हणते रोलप्लेइंग तिथेच तर सुरू होतं. सगळ्यांना सगळं येत असेल तर कोणाला कोणाची गरजच काय? आज ऑनलाइन गेममध्ये टीम बनते ती एकजण मार खाणार, एकजण बरं करणार, बाकीचे मारणार, एवढ्यापुरती, आणि काम झालं की लोक नाव न विचारता निघून जातात. इथे बहिरं मांजर रात्री उंदराच्या कानांवर जगेल, उंदीर मांजराच्या पंजावर, आणि त्या दोघांत विश्वास कसा बसला ही गोष्ट कोणा लेखकाने लिहायची गरज नाही, ती खेळणारेच घडवतील.

चॅटचं मात्र नीट ठरवावं लागेल, नाहीतर सगळं पाण्यात. प्रत्येकाला सगळ्यांशी कितीही टाइप करता आलं तर या वेगवेगळ्या शरीरांना अर्थच राहणार नाही, गरुड आणि ऑक्टोपस दोन मिनिटांत माणसांसारखे गप्पा मारत बसतील. हत्ती आपल्याला ऐकू न येणाऱ्या इतक्या खालच्या आवाजात कित्येक किलोमीटर लांब निरोप पोचवतात. मधमाशी नाचून दिशा आणि अंतर सांगते, कार्ल फॉन फ्रिश यांनी ते शोधून काढलं आणि त्यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. तर हत्तीवाल्याचा मेसेज डोंगरापलीकडे जावा पण तसा कान असलेल्यालाच वाचता यावा, बाकीच्यांना फक्त पायाखाली थरथर. मधमाशीवाल्याने शब्द टाइपच करू नयेत, नाचावं. आणि ज्याने जास्त पॉइंट खर्चून बोलणं घेतलंय, दोनचार जातींच्या खुणा शिकलाय, तो दुभाषा म्हणून सगळीकडे मानाने बोलावला जाईल, एकही शिकार न करता. याचा एक फायदा असाही की अनोळखी लोक येऊन शिवीगाळ करतात, मुलांना भलतंसलतं विचारतात, ते बरंच आपोआप आटोक्यात येईल. पूर्ण थांबणार नाही, त्यासाठी लक्ष ठेवणारी माणसं लागतीलच.

मारामारी असणारच, शिकारी प्राणी आहेत म्हटल्यावर. पण त्यालाही भुकेचं गणित हवं. १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये बनवणाऱ्यांनी खरोखरची निसर्गसाखळी घालायचा प्रयत्न केला होता, गवत, ते खाणारे, त्यांना खाणारे असं सगळं, पण खेळाडूंनी दिसेल ते इतक्या वेगात मारलं की ती टिकलीच नाही आणि काढून टाकावी लागली. मला वाटतं त्यात खेळाडूंचा दोष कमी होता, ते साखळीच्या बाहेर होते, त्यांना मारायला काही पडत नव्हतं. इथे खेळाडू स्वतःच साखळीत आहे. धावलं की दमणार, शिकार फसली की उपाशी राहणार (खऱ्या सिंहाच्याही बहुतेक शिकारी फसतात), पोट भरलं की परत मारून काहीच मिळणार नाही, उलट जखम व्हायचा धोका. उगाच नवख्यांना मारत फिरणारा दोन दिवसांत स्वतःच मरेल, त्याला बॅन करायला कोणी अ‍ॅडमिन लागणार नाही.

आणि मरण खरं असावं, पण शेवट नसावा. बरेच ऑक्टोपस वर्ष-दोन वर्षंच जगतात, अंडी घातली की मादी ती राखत राखत संपते. प्राणी मरण्याआधी त्याची पिल्लं व्हावीत, प्रत्येकात थोडे वेगळे बदल, काही उपयोगाचे, बरेचसे ना धड चांगले ना वाईट, एखादा त्रासाचा, आणि त्यातलं कुठलं पुढे न्यायचं हे खेळाडूने ठरवायचं. नवीन म्युटेशन मिळायचा मार्ग हाच एक ठेवावा. मान उंच करून करून जिराफाची मान वाढते असला प्रकार नको, अंधारात राहिलात म्हणून तुम्हाला रात्रीची नजर मिळणार नाही, पण अंधारात ज्या पिल्लाला बरं दिसतं तेच तुम्ही निवडाल आणि पाचसहा पिढ्यांनी मागे वळून बघाल तर ओळखू येणार नाही इतकं बदललेलं असेल. मुलांना उत्क्रांती शिकवायला पुस्तकं कमी पडतात तिथे हे बसेल असं माझं ठाम मत आहे.

फक्त एक गोष्ट या गेममध्ये कधीही येऊ नये, ती म्हणजे म्युटेशन विकणं. नशिबाने काय पिल्लू मिळेल याची उत्सुकता आणि पैसे भरून, आत काय निघेल ते माहीत नसलेली गेममधली बंद पेटी उघडायची चटक या दोन्ही एकाच जागी बोट ठेवतात, आणि ते कंपन्यांना फार चांगलं माहितीये. बेल्जियममध्ये २०१८ मध्ये तिथल्या गेमिंग कमिशनने काही नामांकित गेममधल्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं ते उगाच नाही. पैसे मिळवायचे तर महिन्याची फी घ्या, जगाचा नवीन भाग आणलात तर त्याचे घ्या, घरट्याची सजावट विका. पण पिल्लाच्या अंगात काय आहे ते विकायला लागलात की त्याच दिवशी सगळी मेहनत वाया, कारण मग बहिरं मांजर कोणी सांभाळणारच नाही, पैसे टाकून कान विकत घेईल.

हे सगळं बनवणं सोपं नाही याची मला कल्पना आहे. एकाच मैदानाची दहा वेगळी चित्रं एकाच वेळी दहा जणांना दाखवायची, वासाचे पट्टे सर्व्हरवर तासन्‌तास जपायचे, हे भारी काम आहे. सुरुवातीला चारच प्राणी घ्या, एक कानाचा, एक नाकाचा, एक डोळ्याचा, एक स्पर्शाचा, आणि एकच जंगल. तेवढं जरी नीट जमलं तरी लोक येतील असं मला वाटतं.

आपल्याला विनंती एवढीच की पेपरात नवीन गेमची ओळख देता तेव्हा ग्राफिक्स कसे आहेत, कुठल्या फोनवर चालतो याच्या जोडीला एक ओळ याचीही द्या की त्यात कॅरेक्टर बदललं तर खेळताना नेमकं काय बदलतं. आणि गेम बनवणाऱ्या कोणाची मुलाखत घेतलीत तर तुमच्या गेममध्ये वटवाघूळ घेतलं तर जग वेगळं कळतं का, हा प्रश्न त्यांना माझ्या वतीने नक्की विचारा, त्यांचं उत्तर वाचायला मला आवडेल.

आपली,
एक नियमित वाचक